नळीतले रक्त आणि अहवालातला आकडा : हृदयविकाराच्या नव्या चाचणीविषयी

गेल्या पावसाळ्यात कळंबच्या आमच्या वस्तीतल्या एका काकांनी रक्त तपासायला दिले. वय अठ्ठावन्न. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत, मधुमेहही आहे. संध्याकाळी अहवाल आला तर पोटॅशियम ६.४. साधारणपणे ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असते. फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घरात घबराट झाली. डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, तो ठीक होता. मग त्यांनी अहवालाच्या तळाची बारीक अक्षरातली ओळ दाखवली : ‘नमुना हिमोलाइज्ड आहे, पुन्हा नमुना द्यावा.’ ती ओळ घरात कोणी वाचलीच नव्हती. काका वैतागले. “एकदा देल्लं ना रक्त, आता पुन्हा काहून?” समजावून पुन्हा नमुना दिला, पोटॅशियम ४.३ निघाले. काकांच्या शरीरातले पोटॅशियम ठीक होते. रक्त काढताना नळीत लालपेशी फुटल्या होत्या आणि त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर आले होते.

काकांची धाकटी मुलगी सिकलसेलची रुग्ण आहे, एसएस प्रकारची. ती यवतमाळला शिकते. हृदयविकार ओळखण्यासाठी रक्तातील ‘मायक्रोआरएनए’ मोजण्याची नवी चाचणी येत आहे, असे तिने कुठेतरी वाचले होते. वडिलांचा हा प्रकार पाहून तिने आम्हाला विचारले, “नळीत लालपेशी फुटल्या म्हणून बाबांचा आकडा खोटा ठरला. माझ्या तर शरीरातच फुटतात. मग ती नवी चाचणी आली तर माझा आकडा खरा कसा मानायचा?”

त्या वेळी आम्हाला उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही वाचले, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मित्रांना विचारले. तेव्हा कळले की तिचा प्रश्न अगदी नेमका आहे. या महिन्याचे आरोग्यपान त्याच प्रश्नासाठी.

मायक्रोआरएनए म्हणजे काय?

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींत डीएनए असतो. तलाठ्याच्या दप्तरातली मूळ नोंदवही जशी, तसा तो. शरीराला एखादे प्रथिन हवे असले की त्या नोंदीची नक्कल निघते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. त्या नकलेवरून प्रथिन तयार होते. पण प्रत्येक नक्कल सारखीच वापरली तर गोंधळ होईल. हृदयाच्या पेशीने हृदयाचे काम करायचे, यकृताच्या पेशीने यकृताचे. म्हणून काही नकला थांबवाव्या लागतात. ‘ही नक्कल वापरू नका’ असे सांगणारी छोटीशी चिठ्ठी म्हणजे मायक्रोआरएनए. तिची लांबी फक्त २२ अक्षरांच्या आसपास असते.

ही चिठ्ठी पहिल्यांदा सापडली ती एका किड्यात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन हे दोन अमेरिकन शास्त्रज्ञ सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या, मातीत राहणाऱ्या कृमीवर काम करत होते. १९९३ मध्ये त्यांचे शोधनिबंध आले. कृमीतली ही काहीतरी विचित्र गोष्ट असेल म्हणून बहुतेकांनी फारसे लक्ष दिले नाही. २००० मध्ये रुवकुन यांना अशीच दुसरी चिठ्ठी सापडली आणि ती माणसापर्यंत अनेक प्राण्यांत असल्याचे दिसले. मग जगभर शोध सुरू झाला. या कामासाठी दोघांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक असतो : मिर-१, मिर-१३३, मिर-२०८ असे. या लेखात काही क्रमांक पुन्हा पुन्हा येतील. ते पाठ करायची गरज नाही. कोणती चिठ्ठी शरीराच्या कोणत्या घरातली आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

हृदयाशी संबंध काय?

हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की त्या भागाच्या स्नायूला रक्त मिळत नाही. पेशी मरतात, फुटतात आणि त्यांच्यातला माल रक्तात येतो. आज आपण जी ट्रोपोनिन चाचणी करतो ती याच तत्त्वावर चालते. ट्रोपोनिन हे हृदयस्नायूतले प्रथिन. ते रक्तात वाढले म्हणजे हृदयस्नायूला इजा झाली.

पेशी फुटल्यावर चिठ्ठ्याही बाहेर येतात. आरएनए तसा नाजूक पदार्थ आहे, रक्तात तो टिकणार नाही असे वाटत होते. पण २००८ मध्ये दिसून आले की या छोट्या चिठ्ठ्या रक्ताच्या पाण्यासारख्या भागात, म्हणजे प्लाझ्मात, चांगल्या टिकतात. त्या प्रथिनांना चिकटलेल्या किंवा बारीक पिशव्यांत गुंडाळलेल्या असतात. यातल्या मिर-२०८ आणि मिर-४९९ या मुख्यतः हृदयस्नायूच्या. मिर-१ आणि मिर-१३३ हृदयातही असतात आणि हातापायांच्या स्नायूंतही.

मग आशा निर्माण झाली. या चिठ्ठ्या मोजून झटका लवकर ओळखता येईल का? हृदय थकत चालले आहे हे आधी कळेल का? कोणाला पुढे धोका आहे हे सांगता येईल का? गेल्या पंधरा-सोळा वर्षांत यावर पुष्कळ अभ्यास झाले. अडचण ही की एका ठिकाणी जी चिठ्ठी वाढलेली दिसते ती दुसऱ्या ठिकाणी तशी दिसत नाही. म्हणून आजही हृदयविकाराच्या उपचारासाठी कोणतीही मायक्रोआरएनए चाचणी नियमित वापरात नाही. या मतभेदाचे मोठे कारण आजारात नसून मोजण्यात आहे.

आधी ओलावा, मग काटा

कापूस विकणाऱ्याला हे समजायला वेळ लागणार नाही. काटा कितीही अचूक असला तरी कापूस ओला असेल तर वजन खरे नसते. म्हणून सीसीआयच्या खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात. आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बारा टक्क्यांच्या वर गेला की कापूस घेत नाहीत. रक्ताचेही तसेच. यंत्र लाखमोलाचे असले तरी यंत्रापर्यंत पोचणाऱ्या रक्ताचे वाटेत काय झाले हे आधी पाहावे लागते. त्या वाटेवरचे टप्पे क्रमाने पाहू.

पहिला टप्पा, दंड आणि सुई. पट्टा फार वेळ घट्ट बांधला, मूठ पुन्हा पुन्हा उघड-बंद केली, सुई फार बारीक होती, सिरिंज जोराने ओढली, मग तेच रक्त सुईतूनच दाबून नळीत सोडले, नळी हलक्या हाताने उलटीपालटी करण्याऐवजी जोरात हलवली, तर लालपेशी फुटतात. यालाच हिमोलिसिस म्हणतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे पन्नास लाख लालपेशी असतात. परिपक्व लालपेशीत डीएनएची मूळ नोंदवही नसते, पण चिठ्ठ्या भरपूर असतात. विशेषतः मिर-४५१ आणि मिर-१६. थोड्या पेशी फुटल्या तरी या चिठ्ठ्यांचा पूर येतो आणि हृदयातून आलेल्या मोजक्या चिठ्ठ्या त्यात हरवतात.

दुसरा टप्पा, नळीचे टोपण. रक्त काढताना आपण पाहतो, कोणती नळी जांभळ्या टोपणाची, कोणती निळ्या, कोणती लाल, कोणती हिरव्या. ते रंग शोभेसाठी नसतात. हिरव्या नळीत हेपॅरिन असते. ते रक्त गोठू देत नाही, पण मायक्रोआरएनए मोजण्याच्या रासायनिक क्रियेलाही अडवते. म्हणून या कामाला जांभळी म्हणजे ईडीटीएची किंवा निळी म्हणजे सायट्रेटची नळी घेतात. लाल नळीत रक्त गोठू देतात. गोठताना प्लेटलेट्स म्हणजे रक्तकणिका आपल्याकडच्या चिठ्ठ्या बाहेर टाकतात. त्यामुळे लाल नळीतला आकडा आणि जांभळ्या नळीतला आकडा एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

इथे हृदयरोग्यांची एक खास अडचण आहे. झटका आलेल्या रुग्णाला उपचार म्हणून हेपॅरिनचे इंजेक्शन देतात. अँजिओग्राफीच्या वेळीही देतात. मग नळी कोणतीही असो, हेपॅरिन रक्तातच आलेले असते. इंजेक्शननंतर काढलेल्या नमुन्यात चिठ्ठ्या कमी झालेल्या दिसतात. प्रत्यक्षात त्या तितक्याच असतात, मोजणी अडलेली असते. हेपॅरिन तोडणारे विकर घालून यावर काही प्रमाणात मात करता येते. पण त्यासाठी इंजेक्शन कधी दिले आणि रक्त कधी काढले याची नोंद हवी.

तिसरा टप्पा, वेळ आणि वाट. रक्त काढल्यावर ते यंत्रात फिरवून पेशी तळाशी बसवतात आणि वरचा प्लाझ्मा वेगळा करतात. हे शक्यतो दोन तासांच्या आत व्हावे लागते. एकदा फिरवून भागत नाही. वर तरंगणाऱ्या प्लेटलेट्स काढण्यासाठी दुसऱ्यांदा फिरवतात. नंतर प्लाझ्मा उणे ८० अंशांवर ठेवतात आणि वारंवार वितळू देत नाहीत. आता आपल्या तालुक्याचे चित्र डोळ्यांसमोर आणा. जोडमोहा किंवा मेटीखेड्याकडे काढलेला नमुना, मे महिन्यातले चव्वेचाळीस अंश, पिशवीतला विरघळलेला बर्फ आणि मोटारसायकलला बसणारे खड्ड्यांचे हादरे. कळंबहून यवतमाळ वीस-बावीस किलोमीटरच आहे, पण तेवढ्या वाटेतही नमुना बिघडू शकतो. मोठ्या शहरातील संशोधनात ही वाट नसते. तिथले आकडे जसेच्या तसे इथे लागू होतील असे म्हणता येत नाही.

चौथा टप्पा, औषधे आणि कष्ट. प्लेटलेट्समधून येणाऱ्या काही चिठ्ठ्या, उदाहरणार्थ मिर-१२६ आणि मिर-२२३, अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधांनी कमी होतात. हृदयरोग्याला ही औषधे असतातच, निरोगी माणसाला नसतात. दोघांची तुलना केली तर दिसणारा फरक आजाराचा की गोळीचा? तसेच दिवसभर कापसाच्या गाठी उचललेल्या माणसाच्या रक्तात मिर-१ आणि मिर-१३३ वाढू शकतात, कारण त्या हातापायांच्या स्नायूंतूनही येतात. अंगमेहनत करणाऱ्याच्या थकलेल्या स्नायूला कोणी आजारी हृदय समजू नये.

मोजणी कशी होते?

चिठ्ठ्या इतक्या थोड्या असतात की थेट मोजता येत नाहीत. म्हणून त्यांच्या प्रती काढत जातात. करोनाच्या काळात आरटीपीसीआर हा शब्द घराघरात पोचला, तीच ही पद्धत. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायला ज्या नमुन्याला कमी फेऱ्या लागतात त्यात मूळ चिठ्ठ्या जास्त. तीन फेऱ्यांचा फरक म्हणजे आठपट आणि सात फेऱ्यांचा फरक म्हणजे १२८ पट. सुरुवातीची लहानशी चूकही अशी मोठी होऊन समोर येते.

यासाठी काही तपासण्या आधीच करतात. पहिली, नमुना फिरवल्यावर प्लाझ्मा पिवळसर दिसला पाहिजे, गुलाबी नाही. पण डोळ्यांना गुलाबी दिसण्याच्या आधीच चिठ्ठ्यांचे मोजमाप बिघडलेले असू शकते. म्हणून दुसरी, ४१४ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशात प्लाझ्मा तपासतात. फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन तो प्रकाश शोषते. तिसरी, लालपेशीतली मिर-४५१ आणि लालपेशी फुटल्याने फारशी न बदलणारी मिर-२३ए यांची तुलना करतात. दोघींत साधारण सात फेऱ्यांहून अधिक फरक पडला तर नमुना संशयास्पद धरतात.

चौथी युक्ती आम्हाला फार आवडली. चिठ्ठ्या वेगळ्या काढताना किती वाया गेल्या हे कळावे म्हणून नमुन्यात एक ओळखीची चिठ्ठी मोजून घालतात. ती माणसात नसलेली हवी. म्हणून ती घेतात मिर-३९, त्याच मातीतल्या कृमीची, ज्याच्यात हा सगळा शोध सुरू झाला. शंभर घातल्या आणि साठ मिळाल्या तर चाळीस वाटेत गेल्या हे समजते. अर्थात नमुना बिघडल्यानंतर ती घातली तर आधीचे बिघडणे ती सांगू शकत नाही.

यातला एक धोका लक्षात घ्यावा. अनेक अभ्यासांत मिर-१६ हेच माप मानून इतर चिठ्ठ्या तिच्याशी ताडून पाहिल्या गेल्या. पण मिर-१६ तर लालपेशीत भरपूर असते. पेशी फुटल्या की ती वाढते, म्हणजे मापच फुगते. मग तिच्या तुलनेत हृदयाची चिठ्ठी कमी दिसते. आजार असूनही ‘सारे ठीक’ असा निष्कर्ष निघू शकतो.

आता त्या मुलीचा प्रश्न

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये रक्तातील विळ्याच्या आकाराच्या लालपेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. त्याच हेरिक यांनी १९१२ मध्ये हृदयाची रक्तवाहिनी अचानक बंद पडल्यावर काय होते, आणि त्यातून रुग्ण वाचूही शकतो, हे लिहिले. सिकलसेल आणि हृदयाचा झटका या दोन्ही गोष्टी वैद्यकाला एकाच माणसाने समजावल्या. त्यानंतर मात्र दोन्ही विषयांच्या वाटा वेगळ्या झाल्या. हृदयाच्या नव्या चाचण्या तयार करताना सिकलसेलचे रुग्ण फारसे कोणाच्या डोळ्यांसमोर नसतात.

आपल्या डोळ्यांसमोर मात्र ते आहेत. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले. तेव्हापासून विदर्भातील आपल्या समाजात, गोंड, परधान आणि इतर आदिवासी समाजांत, तसेच अनेक मागासवर्गीय समाजांत हा आजार असल्याचे वारंवार दिसले आहे. हा कोणत्याही जातीचा दोष नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे सिकलचे एकच जनुक असलेली माणसे मलेरियाच्या गंभीर रूपापासून वाचली आणि म्हणून ते जनुक टिकले.

निरोगी लालपेशी सुमारे १२० दिवस जगते. एसएस रुग्णाची लालपेशी दहा ते वीस दिवसांत फुटते. म्हणजे या रुग्णाच्या रक्तात फुटलेल्या पेशींतला माल सतत असतो, नमुना कितीही काळजीने काढला तरी. शिवाय त्यांच्या लालपेशीतल्या चिठ्ठ्यांचे प्रमाणच निराळे असते. २०१२ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की सिकल लालपेशीत मिर-४५१ सारख्या काही चिठ्ठ्या अधिक असतात, त्या मलेरियाच्या परजीवीत शिरतात आणि त्याची वाढ रोखायला मदत करतात. शरीराच्या दृष्टीने हे संरक्षण. पण प्रयोगशाळेत हीच मिर-४५१ ‘नमुना बिघडला’ याची खूण मानली जाते.

यातून दोन चुका होऊ शकतात. पहिली, सिकलसेल रुग्णाचा नमुना ‘हिमोलाइज्ड’ म्हणून टाकून द्यायचा. असे झाले तर हे रुग्ण संशोधनातून गाळले जातील आणि तयार होणारी चाचणी त्यांच्यासाठी कधी तपासलेलीच नसेल. दुसरी, नमुना ठेवायचा, पण सिकलसेलची नोंद न करता इतरांच्या मापाने वाचायचा. असे झाले तर आकडा फसवेल. आणि या रुग्णांना हृदयाची चाचणी लागते. वर्षानुवर्षे रक्त कमी असल्याने त्यांच्या हृदयावर जास्त ताण पडतो, हृदय मोठे होऊ शकते, फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढू शकतो.

म्हणून त्या मुलीला आम्ही आज हे उत्तर देतो. बाई, तुझा आकडा खरा मानता येईल, पण तुझ्यासारख्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिला तरच. संशोधकांनी प्रत्येक सहभागी व्यक्तीची सिकल तपासणी नोंदवावी. एसएस असलेल्या हृदयरोग्याची तुलना एसएस असलेल्या पण हृदयविकार नसलेल्या व्यक्तीशी करावी. लालपेशीत फारशा नसलेल्या, हृदयाच्याच म्हणाव्यात अशा मिर-२०८ आणि मिर-४९९ यांसारख्या चिठ्ठ्यांवर भर द्यावा. आणि मिर-१६ ला माप मानू नये. एएस म्हणजे फक्त वाहक असलेल्यांच्या लालपेशी सहसा अशा फुटत नाहीत. तरीही त्यांची नोंद हवी, कारण न तपासता गृहीत धरणे हीच या विषयातली मूळ चूक आहे.

आज आपण काय करायचे?

नवी चाचणी येईल तेव्हा येईल. पुढील गोष्टी मात्र आजपासून आपल्या हातात आहेत.

१. छातीत दाब, जळजळ, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप असे काही झाले तर कोणत्याही नव्या चाचणीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या रुग्णालयात जा. पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हावा असा वैद्यकीय नियम आहे, तो मागा. ट्रोपोनिन पहिल्यांदा ठीक आले तरी काही तासांनी पुन्हा करावे लागते. स्त्रियांत आणि मधुमेहींत नुसती धाप, मळमळ किंवा एकाएकी आलेला थकवा हेही झटक्याचे लक्षण असू शकते.

२. सिकलसेल रुग्णाच्या छातीत दुखले आणि सोबत ताप किंवा धाप असेल तर फुफ्फुसांतील गंभीर गुंतागुंत असू शकते. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘सिकलसेल, एसएस’ असे सांगा आणि सिकलसेलचे कार्ड सोबत ठेवा.

३. रक्त देताना हात सैल ठेवा, मूठ वारंवार आवळू नका. आदल्या दिवशी जड काम केले असेल, हेपॅरिनचे इंजेक्शन झाले असेल, कोणत्या गोळ्या सुरू असतील, ते सांगा. चाचणीसाठी म्हणून स्वतःच्या मनाने हृदयाची गोळी बंद करू नका. नळीवर आपले नाव आपल्यासमोर लिहिले गेले का ते पाहा.

४. अहवाल खालच्या ओळीपर्यंत वाचा. ‘हिमोलाइज्ड’ असे लिहिले असेल तर पुन्हा रक्त द्यायला कंटाळू नका. आकडा अनपेक्षित असेल तर “नमुना ठीक होता ना?” असे विचारा. तो आपला हक्क आहे आणि चांगल्या तंत्रज्ञाला त्याचा राग येत नाही.

५. मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणीही याच कारणाने एसएस रुग्णात फसवते. लालपेशी लवकर मरत असल्याने आकडा खोटा कमी येतो. वाहकांतही काही पद्धतींनी चूक होऊ शकते. आपण सिकलचे वाहक किंवा रुग्ण आहोत हे मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगा. साखर पाहण्याचे दुसरे मार्ग आहेत.

६. ‘एका थेंबात हृदयाचे भविष्य’ अशी जाहिरात दिसली तर तीन प्रश्न विचारा. ही चाचणी कोणत्या लोकांवर तपासली? सिकलसेल असलेल्यांवर तपासली का? आणि हा आकडा आल्यावर माझ्या उपचारात नेमके काय बदलेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशात ठेवा. तेवढ्या पैशांत रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून होईल. हृदयाचा धोका आजही मुख्यतः त्यांवरूनच, वयावरून आणि तंबाखूच्या सवयीवरून कळतो.

७. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधनासाठी रक्त मागितले तर घाबरून नकार देऊ नका आणि न वाचता सहीही करू नका. संमतिपत्र मराठीत मागा. नमुना किती वर्षे ठेवणार, नाव गुप्त राहील का, मध्येच माघार घेता येईल का, हे विचारा. आणि आपली सिकल तपासणी त्या नोंदीत लिहिली जाईल का, हेही विचारा. आपण संशोधनात नसलो तर चाचणी आपल्यासाठी बनत नाही.

ज्यांनी सिकल तपासणी अजून केली नसेल त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ती करून घ्यावी. आधी बोटाच्या रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने एएस की एसएस हे नक्की करतात. १४ एप्रिलला ठिकठिकाणी आपली रक्तदान शिबिरे होतात. तिथेच एका टेबलावर सिकल तपासणी आणि रक्तदाब मोजण्याची सोय झाली तर किती घरांना उपयोग होईल! आरोग्य केंद्राला आधी लेखी कळवून मंडळांनी यंदा तसा प्रयत्न करावा, अशी आमची विनंती आहे.

काकांची मुलगी या उत्तरावर पूर्ण समाधानी नाही. “म्हणजे आधी आमच्यासारख्यांचे आकडे गोळा व्हायला हवेत,” असे ती म्हणाली. ते बरोबर आहे. काकांनी मात्र आता अहवाल हाती आला की आधी तळाची ओळ वाचायची सवय लावून घेतली आहे. वाचकांनीही तेवढी लावून घ्यावी. आपले प्रश्न नेहमीप्रमाणे संपादकांच्या पत्त्यावर पाठवावेत, पुढील अंकांत आम्ही त्यांना उत्तरे देऊ.